धुळीचे वजन

कापसाच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या केसांवर, भुवयांवर पांढरी पूड बसते. ती दिसते, झटकली की जाते. पण जी धूळ डोळ्यांना दिसत नाही, तीच छातीत उतरते. कापसाबरोबर पानांचा चुरा, माती आणि सूक्ष्म जंतूही येतात. गाठी फोडताना व पिंजताना ही धूळ फार उडते.

या धुळीने बिसिनोसिस नावाचा रोग होतो. त्याची खूण ध्यानात ठेवा. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेले, की छाती आवळते, दम लागतो. मंगळवारी बरे वाटते. लोक म्हणतात, "सुट्टी अंगात आली, दुसरं काय!" तसे नव्हे, बाबांनो. ही रोगाची सुरुवात असू शकते. पुढे त्रास रोजचा होतो. मग काम सोडले तरी दम पुरता जात नाही.

हवेत धूळ किती, हे कसे समजावे? आपण धान्य तोलतो, तशी धूळही तोलता येते. त्यासाठी एक उंच, उभे नळकांडे असते. पंप मिनिटाला ७.४ लिटर हवा खालून वर ओढतो. जड तंतू वर चढत नाहीत. बारीक धूळ तेवढी वरच्या गाळणीवर बसते. गाळणीचे वजन आधी करतात, पाळी संपल्यावर पुन्हा करतात.

आता हिशेब करू. ८ तास म्हणजे ४८० मिनिटे. ४८० गुणिले ७.४ म्हणजे ३,५५२ लिटर, म्हणजेच सुमारे ३.५५ घनमीटर हवा. समजा, गाळणीचे वजन १,००० मायक्रोग्रॅमने वाढले. १,००० भागिले ३.५५ केले, की दर घनमीटरला सुमारे २८० मायक्रोग्रॅम धूळ निघते. अमेरिकेने १९७८ साली सूतकताईसाठी २०० ची मर्यादा ठरवली. म्हणजे आपल्या हिशेबातली हवा वाईट ठरली.

मात्र मोजणी रोजच्यासारखे काम चालू असतानाच व्हावी. त्या दिवशी निम्मी यंत्रे बंद ठेवली, तर कागदावर हवा स्वच्छ होते. छातीतली धूळ तशीच राहते. हवेबरोबर कामगाराचा श्वासही मोजावा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामाआधी आणि कामानंतर, नळीत फुंकायला लावून तो मोजतात. आपल्या देशात बिसिनोसिस हा सरकारला कळवावयाच्या रोगांत आहे. म्हणून सोमवारचा दम लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

अंगठा सोडून आपण सही शिकलो. सहीआधी कागद वाचायलाही शिकलो. आता भिंतीवरचा धुळीचा आकडाही वाचू या. तो लावलेला नसेल, तर चौघांनी मिळून मागू या.

प्रश्न
१. सोमवारी त्रास जास्त का जाणवतो म्हणून लोक काय समजतात? ते चूक का?
२. गाळणीचे वजन ५०० मायक्रोग्रॅमने वाढले, तर दर घनमीटरला धूळ किती?