निळ्या पाण्यातला थेंब

(नेतृत्व म्हणजे केवळ पुढे उभे राहणे नव्हे. भिवंडीच्या एका विद्यार्थिनीला ही गोष्ट कशी उमगली, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, "मोठेपणी कोण होणार?" असे वर्गात विचारले, की "डॉक्टर!" म्हणत कितीतरी हात वर येतात. पण रुग्णालय एकट्या डॉक्टरांवर चालते का? परिचारिका, औषधे देणारे, रक्त तपासणारे अशी अनेक माणसे तेथे राबत असतात. त्या वाटेने निघालेल्या एका मुलीची ही हकिकत आहे. तिचे वडील यंत्रमागावर काम करत. शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती.

महाविद्यालयात गेल्यावर तिने राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास समाजसेवा करायची असते. आपली ही मुलगी धीट होती, म्हणून तिला गटप्रमुख केले.

1 ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन. त्या दिवशी महाविद्यालयात शिबिर ठरले. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, हे तिने वर्गावर्गांत जाऊन सांगितले. "सर्वांत आधी मी रक्त देणार!" असेही ती म्हणाली.

ठरल्याप्रमाणे ती रांगेत पहिली उभी राहिली. रक्तपेढीच्या ताईंनी तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे असेल, तर थेंब झटकन तळाशी जातो. तिचा थेंब वरच तरंगत राहिला.

"रक्तदानासाठी हिमोग्लोबिन निदान 12.5 ग्रॅम लागते. तुझे कमी आहे, बाळ. आधी डॉक्टरांना दाखव," ताई म्हणाल्या. मागे कोणीतरी हसले.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. "आपा, मी गटप्रमुखपद सोडते. आता माझे कोण ऐकणार?"

मी एवढेच विचारले, "तुझ्या मागच्या मुलींचे थेंब बुडाले का?"

ती विचारात पडली. अनेक मुलींना तिच्यासारखेच परत पाठवले होते!

मित्रांनो, हा केवळ एका महाविद्यालयाचा प्रश्न नाही. 2019 ते 2021 मध्ये देशभर पाहणी झाली. तिच्यात 15 ते 49 वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे 57 जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले.

तिने पद सोडले नाही. मुलींसाठी हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर भरवायचे ठरवले. या वेळी तिने भाषण केले नाही. एकेका मुलीजवळ बसून ती म्हणाली, "माझा थेंब तरंगला होता. तुझाही तपासून घेऊ या." मग मुली मोकळेपणाने बोलू लागल्या. कोणी सकाळी नुसता चहा पिऊन येई, कोणी घरात सर्वांत शेवटी उरलेसुरले जेवत असे. तिने ते सारे ऐकले. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, जेवणात पालेभाज्या, कडधान्ये व लिंबू असावे, जेवणाबरोबर चहा घेऊ नये, हे तिने मुलींना समजावले आणि स्वतःही पाळले.

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर झाले. तिचा थेंब निळ्या पाण्यात सरळ तळाशी गेला. तेव्हा तिच्यामागे कोणी हसले नाही. गेल्या वर्षी परतलेल्या कितीतरी मुली रांगेत उभ्या होत्या.

पदवीनंतर तिने वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "आपा, सुई टोचताना मी आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते. त्याला कसे वाटत असेल, ते मला ठाऊक आहे."

मित्रांनो, तुम्हीही उद्या वर्गप्रमुख किंवा गटप्रमुख व्हाल. तेव्हा आपली उणीव लपवू नका. कदाचित तिच्यातूनच तुम्हाला तुमचे काम सापडेल.

शब्दार्थ
उमगणे – समजणे. ऐच्छिक – स्वतःच्या इच्छेने केलेले. मोरचूद – निळ्या रंगाचा एक क्षार. रक्तक्षय – रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे. उणीव – कमतरता.

स्वाध्याय
प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राष्ट्रीय सेवा योजना केव्हा सुरू झाली?
(आ) मुलीचा थेंब का तरंगला?
प्र. 2. मुलीच्या पहिल्या व दुसऱ्या प्रयत्नात कोणता फरक होता? चार-पाच वाक्यांत लिहा.
प्र. 3. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? त्याविषयी घरी बोला व पाच वाक्ये लिहा.