घोडीला बारमाही नाल कशाला?

आमचा धंदा कापडाचा. घोड्याशी संबंध लग्नसराईपुरता; शेरवानीचे कापड आमच्या दुकानातून जाते आणि नवरदेव घोडीवर बसतो. तरी आज वसई-विरारच्या नालबंद बंधूंसाठी चार शब्द लिहितो.

स्टेशनवरून वसई गावात जाणाऱ्या टांग्यांचा जमाना गेला. मुंबईच्या व्हिक्टोरिया बग्ग्या हायकोर्टाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. आता मुख्य गिऱ्हाईक वरातीच्या घोडीचे. नाल ठोकण्याचे काम घटले, ही तक्रार खरी. पण कामच उरले नाही, हे आम्हांस पटत नाही.

टांग्याचा घोडा दिवसभर डांबरावर पळे. खूर वाढण्यापेक्षा झिजे जास्त, म्हणून नाल लागे. वरातीची घोडी सराईत काही रात्री हळूहळू चालते, एरवी तबेल्यात उभी. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. नालेमुळे तो झिजत नाही, पुढून लांबत जातो आणि घोडी अडखळते. शिवाय खूर म्हणजे दगड नव्हे. वजन पडले की टाचेकडे तो किंचित फाकतो, मधला रबरासारखा त्रिकोणी भाग जमिनीला टेकतो, धक्का सोसला जातो. खिळ्यांनी जखडलेल्या खुराला हे पुरते साधत नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफनने घोड्याच्या अंगणात गोल दगड पसरायला सांगितले, ते खूर टणक व्हावेत म्हणूनच.

मात्र नाल काढून घोडी तशीच सोडून द्यायची नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी छाटणी हवी. सुमतराशाने फक्त सुटलेला, भुसभुशीत थर काढावा. तळवा कोरून पांढराशुभ्र केला की मालक खूश होतो, पण घोडी खड्यावर लंगडते. दोन्ही टाचा सारख्या उंचीच्या, पुढचा भाग आखूड, आणि कड कानशीने गोल करावी; धारदार कड तडकते. सुरुवातीला मऊ मातीवर चालवावे, कडक रस्ता नंतर. संपूर्ण नवा खूर यायला ९ ते १२ महिने लागतात, तेव्हा मालकाला घाई करू देऊ नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल फार. खूर मऊ पडतो, मधल्या खाचा सडून वास मारतात. तबेल्याची जमीन कोरडी हवी, खूर रोज साफ हवेत. गूळ-दाणाही आवरावा, अति झाल्यास खुराच्या आत सूज येते. तेथे कानस काय करणार? जनावरांच्या डॉक्टरलाच बोलवावे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानला रोज चढउतारावर माणसे वाहणाऱ्या घोड्याची गोष्ट वेगळी. त्याला नाल लागली तर हट्ट करू नये.

राहिला हिशेब. नालेच्या जोडाचा भाव सोडून महिन्याच्या फेरीचा भाव ठरवा. लोखंड-खिळ्यांचा खर्च नाही, मजुरी पूर्ण तुमची. मालक म्हणेल, "नाल नाही, मग पैसे कसले?" त्याला सांगा, कापड गिऱ्हाईक स्वतः आणते, तरी शिंपी शिलाई घेतोच. उन्हाळी सराई संपताच नाल उतरवली, तर पावसाळ्याचे रिकामे महिने घोडीला सवयीसाठी मिळतात.