'जर–तर'चे प्रश्न: मुलं नेमकी कुठे चुकतात?



शिष्यवृत्ती परीक्षा असो की आठवीची एनएमएमएस, बुद्धिमत्तेच्या भागात तर्काचे प्रश्न येतात आणि गणितात हुशार असलेली मुलंही तिथे गुण घालवतात. एनएमएमएसच्या बौद्धिक क्षमता चाचणीत 90 मिनिटांत 90 प्रश्न असतात. एका प्रश्नाला एकच मिनिट! तिथे अंदाज चालत नाही, पद्धत हवी.

आपल्या गावाचंच उदाहरण घेऊ.

मूळ विधान: जर मुलगा किन्हीराजाचा असेल, तर तो वाशिम जिल्ह्यातला आहे.

आता चार निष्कर्ष तपासा.

1. मुलगा किन्हीराजाचा आहे, म्हणून तो वाशिम जिल्ह्यातला. बरोबर.
2. मुलगा वाशिम जिल्ह्यातला आहे, म्हणून तो किन्हीराजाचा. चूक. तो रिसोडचा असेल, कारंजाचा असेल.
3. मुलगा किन्हीराजाचा नाही, म्हणून तो वाशिम जिल्ह्यातला नाही. चूक. कारण तेच.
4. मुलगा वाशिम जिल्ह्यातला नाही, म्हणून तो किन्हीराजाचा नाही. बरोबर.

म्हणजे काय, तर 'जर' खरं असेल तेव्हा पुढे जाता येतं आणि 'तर' खोटं असेल तेव्हा मागे येता येतं. बाकी दोन्ही वाटा बंद. दुसऱ्या निष्कर्षात विधान उलटं फिरवलंय. भूमितीत यालाच आपण व्यत्यास म्हणतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे, पण तो वेगळा सिद्ध करावा लागतो, आपोआप मिळत नाही. हे मुलांना जरूर सांगा.

आता परीक्षेसारखा प्रश्न बघा.

विधान: जर सोयाबीन ओलं असेल, तर भाव कमी मिळतो. गणूकाकांना भाव कमी मिळाला.
(अ) सोयाबीन ओलं होतं. (ब) सोयाबीन कोरडं होतं. (क) निश्चित सांगता येत नाही.

माझ्या वर्गात बरीच मुलं (अ)वर खूण करतात. मी एवढंच विचारतो, "भाव कमी मिळायला दुसरं काही कारण असू शकतं का रे?" लगेच आवाज येतात, "काडीकचरा असेल! बाजारच पडला असेल!" झालं, उत्तर (क). हाच प्रश्न मनात विचारायची सवय लावा. दुसरं कारण शक्य असेल, तर उलटा निष्कर्ष काढायचा नाही.

मोठी माणसंही इथे चुकतात बरं का. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1966 साली चार पत्त्यांचं एक साधं कोडं मांडलं. पत्त्यांवर अक्षरं आणि आकडे होते आणि एक 'जर–तर' नियम तपासायचा होता. सुशिक्षित माणसांपैकीही फार थोड्यांना ते जमलं. पुढच्या प्रयोगांत तसाच नियम ओळखीच्या व्यवहारातला घेतला, तेव्हा बरोबर उत्तरं पुष्कळ वाढली. म्हणून सुरुवात 'क' आणि 'ख'ने करू नका. शेत, बाजार, एसटी यांतली उदाहरणं घ्या.

आपल्या न्यायशास्त्रातलं उदाहरणही छान आहे. जिथे धूर, तिथे अग्नी. पण जिथे अग्नी, तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही.

एका अक्षराकडे मात्र लक्ष असू द्या: 'तर' आणि 'तरच'. "प्रवेशपत्र असेल तरच आत सोडतील." याचा अर्थ, जो आत गेला त्याच्याकडे प्रवेशपत्र आहे. पण प्रवेशपत्र आहे म्हणून आत सोडतीलच असं नाही. उशीर झाला तर? 'तरच' दिसला की त्याखाली रेघ मारायला सांगा.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. आपण घरी म्हणतो, "अभ्यास केला नाहीस तर मार्क कमी पडतील." आणि निकाल कमी लागला की लगेच म्हणतो, "म्हणजे तू अभ्यास केलाच नाहीस!" बघा, ही गणूकाकांच्या प्रश्नातलीच चूक झाली. कदाचित लेकराला प्रश्नच कळला नसेल, चष्मा लागला असेल, त्या दिवशी अंगात ताप असेल. परीक्षेत या चुकीने एक गुण जातो. घरात मात्र लेकराचा आपल्यावरचा विश्वास जातो.

म्हणून निकाल हातात आला की आधी तोच प्रश्न स्वतःला विचारा: दुसरं काही कारण असू शकतं का?