पायाला बांधलेली चिठ्ठी

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. मीटरभर उंचीचा हा पक्षी आता तेथे दिसला तर त्याची बातमी होते. उद्या माळ पुरता रिकामा झाला, तर माळढोकाविषयीचे प्रश्न कोणाला विचारायचे?

काही उत्तरे संग्रहालयाच्या खणांत असतात. काचेच्या कपाटात ऐटीत उभे केलेले पक्षी प्रेक्षकांसाठी; अभ्यासाचे पक्षी मात्र कापूस भरून, पाठीवर निजवून ठेवलेले असतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (स्थापना १८८३) असे हजारो पक्षी आहेत. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी असते : गाव, तारीख, नर की मादी. चिठ्ठी हरवली की उरते ते नुसते खेळणे!

असे का? इंग्लंडात बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली होती. रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील जुनी-नवी अंडी तपासली. १९४७ च्या सुमारापासून कवच पातळ झालेले आढळले, म्हणजे डी. डी. टी. फवारणी सुरू झाली त्याच काळात. हे त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. जुनी अंडी जमवणाऱ्यांच्या स्वप्नातही हे विष नव्हते. त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली होती.

आज तर जुन्या पक्ष्याच्या तळपायाच्या वाळक्या कातडीच्या कणभर तुकड्यातून डीएनए मिळतो.

तुमच्या शाळेच्या कपाटात पेंढा भरलेला पक्षी असेल, तर त्याचा पाय जरा पाहा. चिठ्ठी आहे का?