पॉइंट ‘बैठतात’ म्हणजे काय?

प्रश्न : बल्लभगडजवळ आमच्या शेजाऱ्यांकडे आजोबांच्या वेळचा करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे, पेट्रोलवर चालणारा. थंडीत हँडल मारून खांदा दुखतो, पण इंजिन दाद देत नाही. मिस्त्री म्हणतो, ‘पॉइंट बैठ गए.’ पॉइंट बसतात कसे? आणि ते घरी जुळवता येतील का?
— एक वाचक, फरिदाबाद

उत्तर : मिस्त्री बरोबर बोलला. डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि रोटर काढा. आत चार कोपऱ्यांचा कॅम दिसेल आणि त्याला टेकलेली पॉइंटची फायबरची टाच. कॅमचा कोपरा टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टचा करंट प्लगवर उडतो. वर्षानुवर्षं घासून टाच झिजते, तशी दोन पॉइंटमधली फट मिटत जाते. हेच ते ‘बसणं’. मग पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगीही उशिरा पडते.

घरी जुळवता येतात. हँडल सावकाश फिरवून टाच कॅमच्या ऐन कोपऱ्यावर आणा, पट्टीचा स्क्रू सैल करा आणि फिलर गेजने फट लावा. त्या काळच्या इंजिनांत ती साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर असते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच घ्या. स्क्रू आवळताना पट्टी हमखास सरकते, म्हणून गेज पुन्हा घाला. पॉइंट एमरी पेपरने घासू नका, त्याचे कण रुतून बसतात. बारीक कानस चालेल. कॅमला ग्रीसचा किंचित हात लावा. टोपीही आतून कोरडी पुसा, तुमच्याकडच्या धुक्याची ओल तिथे शिरते.

टायमिंग त्यानंतर. आधी टायमिंग लावून मग फटीला हात लावलात, तर केलेलं सगळं वाया.

करड्या फर्ग्युसनचं उत्पादन कॉव्हेंट्रीत 1946 ते 1956 या काळात झालं. आपल्याकडे पुढे सगळं डिझेलवर गेलं आणि डिझेल इंजिनात पॉइंट नसतातच, त्यामुळे ट्रॅक्टरच्या तरुण मिस्त्रींना ही भानगड अनोळखी. पण तुम्ही फरिदाबादला आहात! एस्कॉर्ट्सची राजदूत मोटारसायकल तिथलीच आणि तिलाही पॉइंटच. राजदूतवर हात बसलेला एखादा म्हातारा मिस्त्री गाठा. फिलर गेज त्याच्या खिशातच असेल.