वाहून गेलेल्या शेताचा पंचनामा

अतिवृष्टीनें शेतकऱ्याची हानि दोन प्रकारें होते. उभें पीक कुजतें, ही पहिली. आणि ओढ्याचें पाणी बांध फोडून खाचरांत रेती व गाळ टाकतें, किंवा माती खरडून नेतें, ही दुसरी. पीक गेलें तर एक वर्ष बुडतें. माती गेली तर पुढील कित्येक वर्षें बुडतात. पिकाच्या मदतीची गोष्ट सर्वांस ठाऊक असते. जमिनीच्या हानीसाठीं निराळें साहाय्य असतें, हें पालघर व बोईसर-तारापूर भागांतील प्रत्येक घरीं कळलें पाहिजे.

नियम असा. राज्य आपत्ति प्रतिसाद निधींतून द्यावयाचे दर केंद्र सरकारनें 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठीं ठरविले होते. तीन इंचांहून जाड गाळ काढण्यास हेक्टरीं 18,000 रुपये, निदान 2,200. दरडीमुळें अथवा नदीनें पात्र बदलल्यामुळें जमीनच गेल्यास हेक्टरीं 47,000, निदान 5,000. हें 2 हेक्टरपर्यंत जमीन असणारांसाठीं होतें. उदाहरणार्थ, 20 आर, म्हणजे सुमारें अर्धा एकर खाचरांत गाळ बसला तर 3,600 रुपये होतात. 10 आरांचे हिशेबानें 1,800 च येतात. तरी 2,200 मिळावयाचे. दर बदलत असतात. म्हणून चालू दर तहसील कचेरींत विचारावा.

आतां तीन गोष्टी ध्यानांत धराव्या.

पहिली: आधीं पंचनामा, मग दुरुस्ती. लावणीची घाई असते हें खरें. परंतु गाळ उपसल्यावर तो किती जाड होता हें कोण सांगणार? तलाठ्यास त्वरित लेखी कळवावें व गाळांत मोजपट्टी उभी करून छायाचित्र काढावें. अमेरिकेंतही 1978 च्या कायद्याप्रमाणें अशा दुरुस्तीच्या खर्चाचा बहुधा 75 टक्क्यांपर्यंत भाग सरकार देतें. तेथेंही सामान्यतः अर्ज आधीं व काम मागाहून.

दुसरी: दप्तरांतील नांव. गेलेल्या जमिनीचें साहाय्य, महसूल दप्तरांत ज्याची मालकी नोंदलेली आहे त्यासच मिळतें. गरिबाचें नुकसान बहुधा येथेंच होतें. आजोबा वारले, पण सातबारा त्यांच्याच नांवावर. एक नातू बोईसरच्या कारखान्यांत, दुसरा शेतावर. वारसनोंद कोणीच केली नाहीं. वनहक्क कायदा, 2006 खालीं ज्यांचा दावा मान्य झाला आहे, त्यांनीं आपला अधिकारपत्राचा कागद जपून ठेवावा व पंचनाम्याच्या वेळीं दाखवावा.

तिसरी: खंडानें कसणारा. गाळ तो उपसतो, पैसा मालकाच्या खात्यांत जातो. म्हणून उपसण्याची मजुरी कोणी द्यावी, हें पावसाळ्यापूर्वींच पंचांदेखत ठरवून लिहून ठेवावें. मालकानें ती न देणें हा अन्याय होय, मग कायदा कांहीं म्हणो.

ज्यांस वाचतां येतें त्यांनीं ज्येष्ठ महिन्यापूर्वीं आपल्या पाड्यांतील प्रत्येक घराचा सातबारा मोठ्यानें वाचून दाखवावा. एका संध्याकाळचें हें काम एखाद्या कुटुंबाचें शेत वांचवील.

विचारासाठीं प्रश्न: (1) पिकाची व जमिनीची हानि यांत भेद काय? (2) 15 आर खाचरांतील गाळ काढण्यास वरील दरानें किती रुपये होतात? (3) आपल्या पाड्यांत मृताच्या नांवावर राहिलेले सातबारे किती आहेत?