राज्यपाल मर्फी आणि फ्लिंटचा संप

पूर्वी आपल्या गावागावांतून पुष्कळ माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात. त्यामुळे संप म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. संपात मालक एका बाजूला, मजूर दुसऱ्या बाजूला. अशा वेळी सरकारने काय करावे? पोलीस पाठवावेत, की दोघांना समोरासमोर बसवावे? अमेरिकेतल्या एका राज्यपालापुढे हाच प्रश्न आला. त्यांची ही हकीकत आहे.

अमेरिकेत मिशिगन नावाचे राज्य आहे. तिथला राज्यपाल आपल्याकडच्यासारखा नेमलेला नसतो. लोक मते देऊन त्याला निवडतात. राज्याचा कारभार तोच पाहतो. आपला मुख्यमंत्रीच म्हणा ना! शिवाय राज्याची फौजही त्याच्या हुकमात असते.

फ्रँक मर्फी यांचा जन्म १८९० सालचा. आधी ते वकील होते, मग न्यायाधीश झाले. १९३० साली ते डेट्रॉइट शहराचे महापौर झाले. ते दिवस मोठ्या मंदीचे होते. कारखाने बंद पडत होते. हजारो माणसे बेकार झाली होती. मर्फी यांनी बेकारांच्या अन्नाची आणि निवाऱ्याची सोय केली. गरिबांचा त्यांच्यावर विश्वास बसला. १९३६ साली मजुरांच्या पाठिंब्याने ते राज्यपाल म्हणून निवडून आले.

कारखान्यातच ठाण

मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. तिथे जनरल मोटर्स कंपनीचे कारखाने होते. त्या काळी जगात एवढी मोठी मोटार कंपनी दुसरी नव्हती. पण कामगार सुखी नव्हते. सरकत्या पट्ट्यावरून गाडी पुढे जाई, आणि कामगाराला तिच्याबरोबर हात चालवावा लागे. पट्ट्याचा वेग वाढवणे साहेबांच्या हाती. माणूस थकून जाई. नोकरी कधी जाईल, याचा नेम नाही. युनियनमध्ये कोण जातो, हे पाहायला कंपनीने हेर ठेवले होते.

३० डिसेंबर १९३६ रोजी संप सुरू झाला. हा संप वेगळाच होता. कामगार कारखान्याबाहेर गेलेच नाहीत. यंत्रांपाशीच ठाण मांडून बसले. असे का केले? बाहेर गेले असते, तर मालकाने दुसरी माणसे आणून काम चालू केले असते. आत कामगार मोटारींच्या गाद्यांवर झोपत. बाहेरची माणसे जेवण पोचवीत. बायकाही मागे राहिल्या नाहीत.

दोनच दिवसांनी, १ जानेवारी १९३७ रोजी, मर्फी राज्यपाल झाले. पहिल्याच दिवशी हे संकट दारात उभे!

आता काय करायचे?

कोर्टाने कामगारांना बाहेर काढण्याचा हुकूम दिला. पण नंतर कळले, की हुकूम देणाऱ्या न्यायाधीशाकडे त्याच कंपनीचे तीन हजारांवर शेअर होते! त्या हुकमाची पत गेली.

११ जानेवारीला कडाक्याच्या थंडीत एका कारखान्याची ऊब बंद केली गेली. जेवण अडवले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. कामगारांनी लोखंडी तुकडे फेकले, पाण्याचे फवारे मारले. कित्येक जण जखमी झाले. नशीब, की कोणी मेले नाही.

मर्फी यांनी फौज बोलावली. सगळ्यांना वाटले, आता कामगारांना हुसकून काढणार. पण फौजेला काम दिले, ते शांतता राखण्याचे. आणखी मारामारी होऊ द्यायची नाही, एवढेच. गरजू संपकऱ्यांच्या बायकापोरांना सरकारी मदतही मिळाली.

फेब्रुवारीत दुसऱ्या न्यायाधीशाचा हुकूम आला. इकडे आड, तिकडे विहीर! हुकूम मोडला, तर कायद्याचा मान जातो. फौज आत घातली, तर माणसे मरतात. मर्फी यांनी कामगारांचे पुढारी जॉन लुईस यांना बजावले, की कायदा पाळावा लागेल. पण फौज आत घातली नाही. दोन्ही बाजूंना बोलणी करायला बसवले. रात्री उशिरापर्यंत बोलणी चालत.

११ फेब्रुवारी १९३७ रोजी तडजोड झाली. कंपनीने युनियनशी बोलणी करण्याचे कबूल केले. कामगार स्वतःच्या पायांनी बाहेर आले. संप ४४ दिवस चालला.

पुढे काय झाले?

मर्फी यांची वाहवा झाली, तशीच निंदाही झाली. दुसऱ्याच्या मालकीची जागा बळकावणाऱ्यांना त्यांनी मोकळे सोडले, असे पुष्कळांना वाटले. १९३८ च्या निवडणुकीत ते हरले. १९३९ साली अमेरिकेच्या वरिष्ठ कोर्टानेही सांगितले, की कारखान्यात असे ठाण मांडणे कायद्याला धरून नाही.

पण मर्फी यांचे काम संपले नाही. १९४० साली ते त्याच वरिष्ठ कोर्टात न्यायाधीश झाले. त्याच वर्षी त्यांनी एक निकाल लिहिला. कारखान्याबाहेर शांतपणे उभे राहून आपले गाऱ्हाणे लोकांना सांगणे हा कामगाराचा हक्क आहे, असा तो निकाल होता. १९४९ साली ते वारले.

राज्यपालाची खुर्ची त्यांची गेली. पण त्या ४४ दिवसांत फ्लिंटच्या एकाही घरातला माणूस गोळीने गेला नाही.

शब्दांचे अर्थ
ठाण मांडणे – जागा न सोडता बसून राहणे
हेर – गुपचूप बातमी काढणारा
तडजोड – दोघांनी थोडे थोडे सोडून केलेला मेळ

प्रश्न
१. कामगार कारखान्याबाहेर का गेले नाहीत?
२. फौजेला मर्फी यांनी कोणते काम दिले?
३. मर्फी यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? आपसात बोला.